दशैंची रजा

पितृपक्ष सरत आला, की गोव्यातील कितीतरी हॉटेलांत, बंगल्यांवर आणि दुकानांत एक लहानसे नाट्य दरवर्षी घडते. रात्रपाळीचा पहारेकरी किंवा स्वयंपाकघरातला पोऱ्या मालकापुढे येऊन उभा राहतो आणि खाली मान घालून म्हणतो, ‘‘शेट, दशैं आला. घरी जायला हवे.’’ मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात. पावसाळा संपून पर्यटकांचा हंगाम तोंडावर आलेला असतो, खोल्या भरू लागलेल्या असतात, आणि नेमकी त्याच वेळी या माणसाला पंधरा-वीस दिवसांची रजा हवी असते. ‘‘एका वर्षी आरंभीच जातोस, दुसऱ्या वर्षी ऑक्टोबर संपत आला की जातोस. तुमच्या सणाला काही नेम आहे की नाही?’’ असे मालक विचारतो. पहारेकऱ्याला उत्तर सुचत नाही. मग तो पगार कापून घेऊन जातो, किंवा नोकरीवर पाणी सोडून जातो, किंवा जातच नाही आणि ते पंधरा दिवस फाटकापाशी मुकाट्याने काढतो.

त्याच्या वतीने हे उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी काठमांडूपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. मालकाच्याच भिंतीवर टांगलेले पंचांग उघडले तरी पुरे.

दशैं म्हणजे आपले नवरात्र आणि आपला दसराच. आश्विन शुद्ध प्रतिपदेला तेथेही घट बसतात. वाळूमातीच्या थरात जव पेरून ते अंधाऱ्या खोलीत वाढवतात, म्हणून त्यांचे अंकुर पिवळे निघतात. त्यांना ‘जमरा’ म्हणतात. आपल्या देवळांतून आणि देव्हाऱ्यांतून नवरात्रात जे ‘रुजवण’ घालतात, त्याचेच हे हिमालयातले भावंड होय. सप्तमीला फूलपाती येते. गोरखा येथून निघालेली ही पत्री काठमांडूच्या जुन्या राजवाड्यात, हनुमानढोक्याला, समारंभपूर्वक आत नेतात. अष्टमी-नवमीला देवीपुढे बकरे आणि रेडे बळी पडतात. ही प्रथा आमच्या कित्येक वाचकांना रुचणार नाही, आणि नेपाळातही तिच्याविरुद्ध बोलणारे आहेत. दशमीला मात्र साऱ्या देशाचे डोळे एकाच गोष्टीकडे लागलेले असतात. दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून केलेला टिळा घरातील वडीलधाऱ्या माणसाने धाकट्यांच्या कपाळी लावायचा, कानावर जमरा खोवायचा, आशीर्वाद द्यायचा आणि हातावर दक्षिणा ठेवायची. या टिळ्याचा मुहूर्त पंचांग समिती जाहीर करते. आजोबांनी, आईने, थोरल्या भावाने तो टिळा लावल्यावाचून दशैं झाला, असे कोणी म्हणत नाही. टिळा टपालाने येत नाही. त्यासाठी माणसालाच घरी जावे लागते.

आता राहिला नेमाचा प्रश्न. विजयादशमी 2022 साली 5 ऑक्टोबरला आली, 2023 साली 24 ऑक्टोबरला, 2024 साली 12 ऑक्टोबरला आणि 2025 साली 2 ऑक्टोबरला. नुसत्या तारखा पाहणाऱ्याला ही अंदाधुंदी वाटेल. पण मालकाच्या घरच्या चवथीच्या तारखा याच्या शेजारी मांडून पाहाव्यात. गणेशचतुर्थी 2022 साली 31 ऑगस्टला होती, 2023 साली 19 सप्टेंबरला, 2024 साली 7 सप्टेंबरला आणि 2025 साली 27 ऑगस्टला. दोन्ही सण हातात हात घालून पुढे गेले आणि हातात हात घालूनच मागे आले. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे, तर सूर्याचे 365 दिवसांचे. दरसाल हे अकरा दिवस मागे पडतात, आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ते अंतर भरून काढावे लागते. 2023 साली अधिक श्रावण आला, म्हणून आपली चवथ लांबली आणि त्यांचा दशैंही लांबला. 2020 साली तर अधिक आश्विन आला. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बसणारे घट त्या वर्षी महिनाभर थांबले आणि दशैं ऑक्टोबरच्या अखेरीस जाऊन पडला. अधिक महिना आला की दशैं पर्यटनाच्या हंगामात आणखी आत शिरतो आणि त्या वर्षी रजेचे भांडणही अधिक विकोपाला जाते, एवढेच काय ते खरे. नेम मोडलेला नसतो. मालक ज्या नेमाने मूर्तिकाराकडे पाट पाठवतो, त्याच नेमाने पहारेकरी रजा मागत असतो.

नेपाळच्या कालगणनेतील आणखी एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. तेथील सरकारी व्यवहार, पगार, शाळा आणि न्यायालये ज्या विक्रम संवताने चालतात, तो संवत सौर आहे. राणा पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो सरकारी कामकाजासाठी लागू केला. एप्रिलच्या मध्याला, सूर्य मेष राशीत शिरला की वैशाखाच्या पहिल्या दिवसाने त्याचे वर्ष सुरू होते, आणि त्यातील एखादा महिना 32 दिवसांचाही असतो. या सौर दिवसाला नेपाळी माणूस ‘गते’ म्हणतो आणि चांद्र दिवसाला आपल्यासारखेच ‘तिथी’ म्हणतो. सरकार गत्यांवर चालते, सण बहुतांशी तिथींवर. त्यामुळे आश्विन शुद्धातली दशमी कधीकधी कार्तिकातल्या गत्यांत येते, आणि त्याचे तेथे कोणाला नवल वाटत नाही. प्रत्येक घर दोन्ही हिशेब मनात बाळगते. माघी संक्रांत आणि भक्तपूरची बिस्केट जात्रा सूर्याच्या गतीने ठरतात, तर दशैं, तिहार, तीज या सणांचे दिवस चंद्र ठरवतो. नववर्षे तर कितीतरी आहेत. गुरुंगांचा ल्होसार पौषाच्या 15 गते, तामांगांचा माघ शुद्ध प्रतिपदेला, शेर्पांचा फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला.

काठमांडू खोऱ्यातील मूळच्या नेवार समाजाचा नेपाळ संवत यांहून निराळा आहे. तो इसवी सन 879 पासून मोजला जातो. बहुतेक संवतांना राजांची नावे चिकटलेली आहेत. हा संवत मात्र, लोककथा सांगते त्याप्रमाणे, शंखधर साख्वा नावाच्या व्यापाऱ्याने गोरगरिबांची कर्जे फेडून सुरू केला. या शंखधराला 1999 साली नेपाळने राष्ट्रीय विभूती म्हणून मान दिला. आमच्या वाचकांना त्यात आणखी एक आपुलकीची खूण सापडेल. उत्तरेकडे आणि नेपाळच्या इतर भागांत महिना पौर्णिमेला संपतो, तर नेवारांच्या या संवतात तो आपल्यासारखाच अमावास्येला संपतो. आपण ज्याला श्रावण वद्य म्हणतो त्याला इतर नेपाळी भाद्र कृष्ण म्हणतात. दिवस एकच, महिन्याचे नाव तेवढे वेगळे. पंचांगात मतभेद असे असतात, आणि त्यांनी कोणाचा सण बुडत नाही.

एवढे ध्यानात घेतले, की दोन्हीकडच्या तिथी शेजारी मांडताना आपण किती जवळचे आहोत हे उमगते. श्रावणी पौर्णिमेला आपल्याकडे सुतांची पुनव असते. तेथे त्या दिवशी जनै पूर्णिमा. जानवी बदलतात, मनगटाला दोरा बांधतात, भाविक गोसाईंकुंडाच्या थंडगार पाण्यात स्नान करतात आणि घरोघर मोड आलेल्या नऊ कडधान्यांची ‘क्वाँटी’ शिजते. भाद्रपद शुद्ध तृतीयेला आपली तय, म्हणजे हरितालिका. त्यांची तीजही त्याच दिवशी असते. लाल साड्या नेसलेल्या बायकांनी पशुपतिनाथाचे प्रांगण भरून जाते, आणि सासरच्या जाचाची व राज्यकर्त्यांच्या कारभाराची गाऱ्हाणी त्या गाण्यांतून मांडतात. ऋषिपंचमी दोघांचीही. अनंत चतुर्दशीला आपल्या नदीकाठी विसर्जनाची मिरवणूक निघते, तेव्हा काठमांडूत इंद्रजात्रेत जिवंत कुमारीचा रथ ओढला जात असतो.

दिवाळीला त्यांच्याकडे तिहार म्हणतात. पाच दिवसांत पहिला मान कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. ज्या पहाटे आपल्याकडे वाड्यावाड्यांवर नरकासुर जाळला जातो, त्याच दिवशी नेपाळात कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला टिळा लावतात, कारण तो यमाच्या दारचा राखणदार. पाडव्याला आपली गोरवे सजतात, त्यांच्याकडे बैलाची पूजा होते, आणि नेवार घरात त्याच संध्याकाळी ‘म्हपूजा’ म्हणजे स्वतःच्याच देहाची पूजा करून नेपाळ संवताचे नवे वर्ष सुरू होते. भाऊबिजेला तिकडची बहीण भावाच्या कपाळी सात रंगांचा टिळा लावते. ज्याला बहीण नाही, जिला भाऊ नाही, त्यांच्यासाठी काठमांडूच्या राणीपोखरीतले तळ्यामधले देऊळ त्या एका दिवशी उघडे ठेवतात. ज्या समाजाने एकट्या जिवाचाही एवढा विचार केला, त्या समाजातला माणूस भाऊबिजेला आपल्या हॉटेलात ताटे विसळत असतो.

तिथी ही सत्तेला सहजासहजी न जुमानणारी गोष्ट आहे, हे नेपाळचा इतिहास सांगतो. 1768 साली पृथ्वीनारायण शाह यांनी काठमांडू जिंकले ते इंद्रजात्रेच्या दिवशी. नगर उत्सवात दंग असताना गोरखाचे सैन्य आत आले. पण जेत्याने उत्सव मोडला नाही, कुमारीपुढे वाकून तिचा टिळा लावून घेतला असे परंपरा सांगते. 2008 साली राजेशाही संपली आणि प्रजासत्ताक आले. त्याच वर्षी नव्या सरकारने अंदाजपत्रकात इंद्रजात्रेतील बळीच्या जनावरांचा खर्च कापला. नेवार समाज रस्त्यावर उतरला आणि सरकारला दोन पावले मागे घ्यावी लागली. बळीची प्रथा असावी की नसावी हा प्रश्न वेगळा. तो त्या समाजाने आपापसांत सोडवायचा आहे. राजा गेला, राज्यघटना बदलली, 2015 साली नवी घटना आली, तरी रथ ठरल्या तिथीलाच निघतो. राष्ट्रप्रमुख म्हणून आता राजाऐवजी राष्ट्रपती तेथे उपस्थित राहतात.

गाईजात्रेची कथा तर आम्हां वृत्तपत्रकारांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. आपल्या श्रावण वद्य प्रतिपदेला, ज्या घरात वर्षभरात कोणी दगावले असेल त्या घरचे लोक एक गाय, किंवा गाईचे सोंग घेतलेले मूल, मिरवणुकीत पाठवतात. दुःखाच्या या मिरवणुकीला सोंगांची आणि विनोदाची जोड आहे. पुत्रशोकाने खचलेल्या राणीला हसवण्यासाठी प्रताप मल्ल राजाने ती सुरू केली, अशी आख्यायिका आहे. 1960 ते 1990 या पंचायत राजवटीत राजकीय पक्षांवर बंदी होती आणि लेखणीवर जरब होती. तरीही गाईजात्रेच्या निमित्ताने राज्यकर्त्यांची टवाळी करण्याची मुभा असे, आणि वृत्तपत्रे तिचा मनमुराद उपयोग करीत. जे कायद्याने बोलता येत नव्हते, ते तिथीने बोलता येई. सालाझारच्या अमलात छापण्यापूर्वी प्रत्येक ओळ सेन्सॉरपुढे ठेवावी लागणाऱ्या या भूमीला, वर्षातून एक तरी अशी तिथी मिळणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

आणि सणाची अडवणूक म्हणजे काय, हे तर गोव्याच्या हिंदूंना पिढीजात ठाऊक आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतील देवळे पाडली गेली, देव रातोरात नदीपलीकडे अंत्रुजात न्यावे लागले. आजही काही घराण्यांत चवथीला मातीच्या मूर्तीऐवजी पत्रीचा किंवा कागदावरचा गणपती पुजतात, आणि परकी अमलात लपूनछपून पूजा करावी लागे त्या काळाची ती आठवण आहे, असे घरातील वृद्ध सांगतात. मूर्ती गेली, देऊळ गेले, पण तिथी राहिली, कारण ती कोणाला जप्त करता येत नव्हती. ज्यांच्या पूर्वजांनी एवढी किंमत देऊन तिथी सांभाळली, त्यांनी दुसऱ्याची तिथी हंगामाच्या हिशेबात बुडवावी, हे शोभत नाही.

हा नेपाळी माणूस आपल्याकडे चोरवाटेने आलेला नाही. भारत आणि नेपाळ यांच्या 1950 च्या तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, कामधंदा करण्याची मोकळीक दिली आहे. अछाम, बझांग, कैलाली अशा सुदूर पश्चिमेच्या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण खाली उतरत आले आहेत. रत्नागिरीच्या मच्छीमार बोटींवर ते खलाशी आहेत, हापूसच्या बागांत राखणीला आहेत, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हॉटेलांचा बराच भार त्यांच्या खांद्यावर आहे. आपण त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो, ‘बहादूर’ म्हणतो; नाव विचारण्याची तसदी घेत नाही. ज्या गोरखा गावावरून ‘गुरखा’ शब्द आला, ते गाव गोरक्षनाथांच्या नावाने ओळखले जाते. घरी जाताना यांच्यातले कितीजण ज्या गोरखपूरला उतरून सुनौलीच्या सीमेकडे वळतात, ते शहरही त्यांच्याच नावाचे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. तिच्यात निवृत्तिनाथांच्या आधी गहिनीनाथ, त्यांच्या आधी गोरक्ष आणि त्यांच्या आधी मत्स्येंद्र येतात. त्याच मच्छिंद्रनाथांचा सुमारे साठ फूट उंचीचा रथ पाटणच्या रस्त्यांतून दर वैशाखात ओढला जातो. बौद्ध त्यांना करुणामय अवलोकितेश्वर म्हणून पुजतात, हिंदू मच्छिंद्रनाथ म्हणून. दोरी मात्र दोघेही एकच ओढतात. 2015 साली बाराव्या वर्षाची मोठी यात्रा चालू असतानाच एप्रिलमधला भूकंप झाला. बुंगमतीचे देऊळ कोसळले, रथ वाटेत अडकून पडला. तरी काही महिन्यांनी लोकांनी यात्रा तडीस नेली. अशा परंपरेतून आलेल्या माणसाला परका म्हणताना जीभ अडखळायला हवी.

मालकांच्या अडचणी खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. सगळे एकदम गेले तर हॉटेल चालणार कसे, गेलेला माणूस परत येईल याची हमी काय, हे रास्त प्रश्न आहेत. पण त्यांची उत्तरेही त्या सणातच आहेत. दशैंचा टिळा केवळ दशमीला लावतात असे नाही. तो पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आपल्या कोजागिरीपर्यंत चालतो. दूरदूरच्या आप्तांकडे जाऊन टिळा घेता यावा, म्हणून परंपरेने हे पाच दिवस दिले आहेत. अर्ध्या लोकांना घटस्थापनेच्या सुमारास आणि उरलेल्यांना कोजागिरीच्या आत घर गाठता येईल असे पाठवले, तर सगळ्यांचा टिळा साधतो. जे दशैंला गेले नाहीत त्यांना तिहाराला, भाऊबिजेपर्यंत, पाठवता येईल. कोजागिरीपासून भाऊबीज अवघ्या सतरा दिवसांवर असते. पंचांग एक वर्ष आधी छापून येते. अधिक महिना कधी आहे आणि दशैं हंगामात किती आत येणार आहे, हे चैत्रातच कळते. तेव्हाच पाळ्या ठरवल्या, जाण्यायेण्याचे आरक्षण वेळेवर काढून दिले आणि रजेचा पगार कापला नाही, तर माणूस परत येतो की नाही याची चिंता करावी लागणार नाही. जो मालक सणाला घरी पाठवतो, त्याच्याकडे माणूस परत येतो, हा मुंबईतल्या गिरणीपासून आजच्या कचेरीपर्यंतचा अनुभव आहे.

मुंबईतला कोकणी चाकरमानी आणि गोंयकार चवथीला गावी कसा निघतो ते आठवावे. आरक्षण मिळो न मिळो, साहेब रजा देवो न देवो, डब्याच्या दारात उभे राहून तो येतो. रेल्वे त्याच्यासाठी जादा गाड्या सोडते, एसटी जादा बसगाड्या काढते, आणि ‘गणपतीला गावी गेला’ एवढ्या तीन शब्दांत त्याच्या गैरहजेरीचे समर्थन होते. कोणी त्याला विचारीत नाही की तुमच्या गणपतीच्या तारखेला काही नेम आहे का.

येत्या नवरात्रात फाटकापाशी उभा असलेला माणूस ‘शेट, दशैं आला’ असे म्हणेल, तेव्हा त्याला एवढीच सवलत द्यावी. त्याचे नाव विचारावे, भिंतीवरचे पंचांग काढून त्याच्यासमवेत कोजागिरीची तारीख पाहावी, आणि त्या तारखेच्या आत तो आपल्या आईपुढे कपाळ वाकवून बसलेला असेल, अशी तजवीज करावी.